घोड्याचं औषध

रोगप्रतिकारशक्ती शिकवायची वेळ आली की सैनिक आलेच म्हणून समजा. पांढऱ्या पेशी म्हणजे सैन्य, जंतू म्हणजे शत्रू, शरीर म्हणजे किल्ला. मला त्या सैन्याचा वैताग आहे. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि हा भाग माझ्या पद्धतीने शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील साजगावच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांना मी विचारते, "गेटवरचा वॉचमन दिवसभर काय करतो?" मुलं एका सुरात सांगतात, "बाई, बसतो!" मग मी सांगते, बसतो खरा, पण बसल्या जागी तोंडं ओळखतो. आतला कोण, बाहेरचा कोण. मारामारी कधीतरी, ओळखायचं काम रोज. आपल्या अंगातल्या पेशींचंही तसंच आहे. ताकद नंतर, ओळख आधी. ज्याला ओळखलंच नाही त्याच्याशी लढणार काय, कपाळ!

हे मी इतकं छातीठोक सांगते, कारण बाबांच्या अंगावर ते सगळं घडताना मी पाहिलेलं आहे.

बाबा घोडेवाले. माथेरानच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला आमचं गाव. गावात थोडी भातशेती आणि वर डोंगरावर बाबांची घोडी. माथेरानला गाड्यांना बंदी. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे पर्यटकाला घोड्यावर बसवून पॉइंट दाखवत फिरायचं, हे बाबांचं आयुष्यभराचं काम. त्यांची शेवटची घोडी तांबड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. स्वभावाने इतकी शांत, की रडणारं पोर पाठीवर बसवलं तरी ती कान हलवायची नाही. नाक्यावरच्या गर्दीत नुसत्या खोकण्यावरून बाबा तिला ओळखायचे.

पण ती म्हातारी झाली होती. चढावर धापा टाकायला लागली होती. वर आता ई-रिक्षाही आल्या, धंदा पूर्वीसारखा उरला नव्हता. नेरळकडचा एक जण वरातीसाठी घोड्या पुरवायचा, त्याने तिला मागितलं होतं आणि दिवाळी झाली की ती द्यायची असं घरात ठरलंही होतं. आई म्हणायची, "म्हातारी घोडी दारात बांधून काय तिची आरती ओवाळायची? तिच्या चाऱ्यात एक म्हस पोसून होईल." आईचं खोटं नव्हतं. बाबा हो म्हणाले होते, पण तो विषय निघाला की उठून बाहेर जायचे.

त्या वर्षी सहामाही परीक्षा संपली आणि मी माहेरी भातकापणीला गेले. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी खाली उतरून भात कापून घ्यायचं, हा बाबांचा दरवर्षीचा नेम. सकाळी दव सुकल्यावर आई, बाबा, माझा भाऊ आणि मी शेतात गेलो. आदल्या दिवशी कापून पसरलेलं भात उचलून भारे बांधायचे होते. बाबांनी वाकून दोन्ही हातांत मावेल एवढी भाताची कवळ उचलली आणि खालून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. बाबांनी हात मागे घेतला तो करंगळीजवळ रक्ताचे दोन ठिपके घेऊनच. पाठीवर साखळीची नक्षी असलेली जाडजूड घोणस सावकाश बांधाकडे सरकत गेली. तिला काही घाई नव्हती.

भाऊ काठी घेऊन तिच्यामागे धावला. मी ओरडले, "तिला जाऊ दे! टेंपो काढ!" आईने लुगड्याचा काठ फाडून दंडाला आवळायला घेतला, तिचेही हात मी धरले. बाबांच्या बोटातली चांदीची अंगठी आधी काढली, कारण हात सुजणार हे ठाऊक होतं. हात हलू नये म्हणून ओढणीने गळ्यात बांधला. वाटेत एक म्हातारे भेटले. त्यांनी सांगितलं, अमुक वाडीवर एक जण विष उतरवतो, आधी तिकडे न्या. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरळ कर्जत." माझा तो आवाज वर्गातला होता. त्या आवाजापुढे अजून तरी कुणी बोललेलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी बाबांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि म्हणाल्या, "हिला वीस मिनिटं कुणी हात लावू नका." आम्ही त्या नळीकडे बघत बसलो. बाबांचा हात एव्हाना मनगटापर्यंत सुजून चकचकत होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. वेळ झाल्यावर बाईंनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"गोठत नाही," त्या म्हणाल्या. "औषध सुरू करायला हवं." मग बाबांकडे वळून विचारलं, "काका, काम काय करता?"

"घोडं चालवतो, माथेरानला."

बाईंनी नळी बाजूला ठेवली. "घोड्याजवळ गेल्यावर कधी शिंका, खाज, दम लागणं असं काही?"

इतक्या कळांमध्येही बाबा हसले. "घोड्याच्या शेजारी झोपतो मी. दम कसला लागतोय? का वो?"

"हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, म्हणून विचारलं."

बाबांचं हसू गेलं. चांगला हात त्यांनी छातीशी ओढून घेतला. "घोडा मारून?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाटल्या तयार करायला लागल्या आणि वर्ग माझ्या ताब्यात आला.

"मारत नाहीत, बाबा," मी म्हटलं. "सापाचं विष घेतात, घोड्याला सोसेल एवढंच, अगदी जरासं. ते घोड्याच्या अंगात टोचतात. घोड्याचं अंग ते विष ओळखायला शिकतं. मग थोडं वाढवतात, पुन्हा थोडं वाढवतात. असं करता करता त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारं द्रव्य तयार होतं. त्याला प्रतिपिंडं म्हणतात. मग थोडं रक्त काढून ती वेगळी करतात. घोडा असतो जिवंत, चारा खात."

"दुखत असंल ना त्याला?"

"दुखत असेल."

"त्याला विचारलं का कुनी?"

बाबांच्या हिरडीतलं रक्त आई पदराने टिपत होती. तिला विष, घोडा, प्रतिपिंडं यांतलं काही नको होतं, तिला नवरा हवा होता. आणि मला बाप.

"नाही विचारलं," मी म्हटलं. "पण त्या घोड्याने करायचं ते करून झालंय, बाबा. आता ते या बाटलीत आहे. तुम्ही नाही घेतलं तर ते परत त्याच्या अंगात जाणार आहे का? वाया जाईल फक्त."

बाबांना वाया घालवणं मुळीच खपत नाही. ताटातलं शीत टाकलं तरी त्यांना चालत नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चांगला हात पुढे केला. "लाव," म्हणाले.

सलाईनमधून औषध जायला लागलं. आता सुटलो, असं मला वाटलं. थोड्याच वेळात बाबा पोट खाजवायला लागले. मग गळ्यावर गांधी उठल्या, ओठ सुजले, थंडी वाजून दात आपटायला लागले आणि श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. आई किंचाळली, "त्या घोड्याचं बाधलं गं त्यांना!"

आई अगदी बरोबर बोलली होती. असलं नेमकं निदान मला जमलं नसतं. बाबांच्या अंगातल्या वॉचमनने घोड्याचा परका पदार्थ ओळखला होता आणि भोंगा वाजवून सगळा कारखाना डोक्यावर घेतला होता. आत आग लागलेली, विझवायला बंब आलेला आणि हा शहाणा बंबालाच गेटवर अडवून मारतोय. मला हे सगळं कळत होतं आणि तरीही मी घाबरले. माहिती असली की भीती जाते, असं मी मुलांना सांगायची. ते मी आता सांगत नाही.

डॉक्टरबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी सलाईन बंद केलं, तयार ठेवलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन बाबांच्या मांडीत दिलं, ऑक्सिजन लावला. बाबांचा श्वास सैल पडला, गांधी ओसरायला लागल्या. मी विचारलं, "जन्मभर घोड्यांत राहिले म्हणून झालं का?" त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही. ज्यांनी घोडा फक्त वरातीत पाहिलाय त्यांचंही होतं. म्हणून तर इंजेक्शन आधीच भरून ठेवते." मग त्यांनी तेच औषध पुन्हा सुरू केलं, या वेळी अगदी सावकाश. बाबांच्या अंगाने कुरकुर केली, पण चालवून घेतलं.

संध्याकाळी पुन्हा रक्त काढून नळीत ठेवलं. पुन्हा सगळे तिच्याकडे बघत बसलो. बाईंनी नळी आडवी केली. रक्त हललं नाही. गोठून घट्ट बसलं होतं. मी इतकी वर्षं रक्ताविषयी शिकवतेय, पण रक्त बघून मला रडू आलं ते त्याच दिवशी.

बाबांची लघवी, सूज, सगळं तपासून डॉक्टरांनी काही दिवसांनी घरी सोडलं. वर चढायला मनाई होती, म्हणून भाऊच घोडीला खाली घेऊन आला. दिवाळी तशीच गेली. दिवाळीनंतर बाबांना पुन्हा ताप आला, सांधे धरले, अंगावर पुरळ उठलं. ह्याची कल्पना डॉक्टरबाईंनी आधीच देऊन ठेवली होती, गोळ्याही लगेच मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अंगणात बाजेवर बसले होते. घोडी जवळच बांधलेली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हणाले, "मास्तरीणबाई, बसा जरा. आता सांधे कशापायी धरल्यात?"

"घोड्यापायीच," मी म्हटलं. "तुमचं अंग अजून त्या औषधाशी भांडतंय. जाईल चार दिवसांत."

"म्हंजे घोड्याचं ते अजून हाय अंगात?"

"संपत आलं. ते उसनंच होतं, बाबा. थोड्या दिवसांत काहीच राहणार नाही."

"मग पुन्ना चावली तर?"

"तर पुन्हा दवाखाना, पुन्हा घोड्याचंच औषध. विष ओळखायला घोडा शिकला, तुमचं अंग नाही शिकलं. तेवढा वेळच नव्हता. घोड्याला हळूहळू शिकवतात, तुम्हाला घोणसीने एकदम सगळा धडा दिला."

बाबा तांब्यातलं घोटभर पाणी प्याले. "मग एवढं सगळं होऊन माझं अंग शिकलं काय?"

मी खरं तेच सांगितलं. "घोडा. घोडा परका आहे, एवढंच ते पक्कं शिकलं. आता ते विसरणार नाही. पुढे कधी हे औषध घ्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, डॉक्टर तयारीत राहतील."

सुजेने अजून पुरती न वळणारी बोटं बाबांनी घोडीच्या मानेवर ठेवली. ती जरा पुढे सरकली आणि त्यांच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली.

"येडं हाय अंग," बाबा म्हणाले. "ज्यानं वाचवलं त्यालाच परका म्हनतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या आळीला ऐकू जातो. नेरळचा तो घोडेवालाच होता. "तब्येत कशी हाय? दिवाळी झाली, टेंपो कधी पाठवू?" तो विचारत होता.

"पाठवू नको. घोडी द्यायची नाय."

आई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. आता म्हशीचा विषय निघणार, हे मी धरूनच चालले. बाबांना काहीतरी समजवावं असंही एकदा मनात आलं. पण ही घोडी वेगळी आणि औषधाचा घोडा वेगळा, हे बाबांना माझ्याइतकंच कळत होतं.

"भाव वाढवून पायजे का?" फोनवरचा म्हणाला. "बोला ना सरळ."

"भावाचं नाय रं."

"मग म्हातारी ठेवून करता काय? काम तरी काय व्हनार हाय तिच्याच्यानं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात भिंतीकडे फिरवलेलं तोंड आता सरळ माझ्याकडे होतं.

"काम नाय करायचं तिनं," ते फोनमध्ये म्हणाले. "घोड्यानं माझं करायचं ते करून झालंय."

आईने सूप खाली ठेवलं, उठली आणि नव्या भाताचा पेंढा कवळभर आणून घोडीपुढे टाकला.