बाबा असं म्हणाले नव्हते

पालिकेत तिला सगळे दुभाषीबाई म्हणायचे. आईबाप दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे, त्यामुळे तिला तोंडाआधी हातांनी बोलता आलं. सातव्या वर्षी ती डॉक्टरला आईचं दुखणं सांगायची, नवव्या वर्षी घरमालकाशी भांडायची, अर्थात बाबांच्या वतीने. पुढे त्याचीच नोकरी झाली. शहरात खुणांच्या भाषेची परवाना असलेली दुभाषी ती एकटीच.

कामाचा नियम कडक होता. समोरचा जे म्हणेल तेच म्हणायचं. तो ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. एकोणीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. एकदा एका नवऱ्याने भर कचेरीत बायकोला घातलेल्या शिव्याही तिने जशाच्या तशा म्हणून दाखवल्या होत्या आणि घरी येऊन दुसऱ्यांदा आंघोळ केली होती.

मग पालिकेने ठरवलं, बाजाराजवळचा आपलाच पुस्तकबांधणीचा कारखाना शहराबाहेरच्या शेडमध्ये हलवायचा आणि त्या जागी डायलिसिस केंद्र काढायचं. कारखान्यात अठ्ठावीस कामगार, सगळे कर्णबधिर. बाबा त्यांच्यात सगळ्यांत जुने. आधी जाहीर सुनावणी होणार होती. नाव नोंदवेल त्याला तीन मिनिटं. बाबांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं.

ती कारकुनाकडे गेली. “बोलणारे माझे वडील आहेत. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बोलवा.”

“दुसरं आहे कोण? तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना लिहून द्यायला सांगू.”

बाबांना लिहिता यायचं ते नाव, पत्ता आणि पुठ्ठ्यांची मापं. ती काम घेऊन परत आली.

शेडच्या पाहणीला कामगारांबरोबर तीच दुभाषी म्हणून गेली होती. तिथली टेबलं भिंतीला लावून जमिनीत बोल्टने घट्ट केलेली. जुन्या कारखान्यात एकच भलंमोठं टेबल, सगळे भोवती बसलेले. दाभण खाली ठेवलं की हात बोलायला मोकळे. नव्या जागी आठ तास भिंतीकडे तोंड. बघता येणार नाही म्हणजे बोलताही येणार नाही. तिच्याशिवाय ऐकू येणाऱ्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

“बाबा, टेबलांचं पहिल्याच वाक्यात सांगा,” तिने घरी बजावलं.

“येईल की ओघात. आधी त्यांना कारखाना म्हणजे काय ते कळायला नको?”

“तीनच मिनिटं आहेत. त्यात मी बोलायचा वेळही धरलाय.”

“तुला सारखी घाई,” बाबांचे हात म्हणाले.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. बाबांच्या आधी एक बाई उठली. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा चार तास बसने डायलिसिसला न्यावं लागायचं. “परत येताना ते खिडकीला डोकं टेकतात,” ती म्हणाली, “आणि दर धक्क्याला मी बघते, जागे आहेत ना.” दुभाषीबाईंनी हे हातांनी सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले कामगार हलायचे थांबले. बाबांनी दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी.

मग बाबा उठले. सुरुवात केली ती कारखान्यात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून. फाटकाचा रंग सांगितला. मास्तरांच्या मिशा सांगितल्या. ती एकेक वाक्य बोलत गेली आणि डोळ्यांसमोर घड्याळाचा काटा पळत होता. घंटा वाजली. बाबांना ती ऐकू येणार कशी?

“थांबवा त्यांना,” अध्यक्ष म्हणाले.

तिचा हात उचलेना. बाबांचे हात सांगत होते, “मग मास्तरांनी मला खळ शिजवायला शिकवलं.” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “नव्या शेडमध्ये टेबलं भिंतीला लावलीत. आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसणार. आमचं बोलणंच बंद होईल.”

समितीतल्या चष्मेवाल्या बाई पुढे झुकल्या. “हे आमच्या लक्षातच आलं नाही. टेबलं वळवली तर चालेल का? विचारा त्यांना.”

तोंडाने खोटं बोलून झालं होतं, कारण ते ऐकणारं तिच्या माणसांत कुणी नव्हतं. हातांनी खोटं बोलायला जागा नव्हती. पुढची अख्खी रांग तिच्या बोटांकडे बघत होती. तिने प्रश्न विचारला.

बाबा गोंधळले. “मी अजून तिथवर आलोच नव्हतो. यांना टेबलांचं कुणी सांगितलं?”

हेही तिलाच बोलायचं होतं. ती बोलली. “मी अजून तिथवर आलोच नव्हतो. यांना टेबलांचं कुणी सांगितलं?”

“मग आत्ता बोललं कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी,” ती म्हणाली. “मी स्वतः.”

ती वाक्यं नोंदीतून काढली गेली. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “पण मुद्दा तर खरा आहे.” अध्यक्ष म्हणाले, “ज्याने नाव नोंदवलेलं नाही त्याचं म्हणणं घेता येत नाही.” आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर बाबा तिच्यासमोर उभे राहिले. “शाळेत लोक माझ्या वतीने बोलले. दवाखान्यात बोलले. आता तूसुद्धा?”

“वेळ संपली होती, बाबा.”

“मग सांगायचं, वेळ संपली. अर्धं राहिलं असतं, पण माझं राहिलं असतं.”

ती काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या घरात बोलणं असंच तोडलं जायचं. मिटलेल्या डोळ्यांपुढे ती हात तसेच अर्धवट धरून उभी राहिली.

दोन महिन्यांत कारखाना हलला. अहवालात छापून आलं: सर्व नागरिकांना समान वेळ देऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. तिला सुनावण्यांवरून काढून फायलींच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसवलं. आता सुनावणीला कर्णबधिर माणसाला कागद देतात. केंद्र मात्र चांगलं चाललंय. ती बाई रस्त्यात भेटली की हात हलवते, आणि दुभाषीबाईंना तिचा राग धरता येत नाही.

बाबा संध्याकाळी घरी येतात ते हात मांडीवर ठेवून बसतात. दिवसभर न बोलल्याने बोटं आखडतात म्हणतात.

एका रविवारी त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. “पालिकेला लिही. मी सांगतो तसं. तुझं काही घालू नकोस.”

त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तिसरं पान उलटलं तरी टेबलं आली नाहीत. तिची बोटं पेनावर आवळत होती, पण तिने ओळ खालीवर केली नाही. टेबलं चौथ्या पानाच्या तळाशी आली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. बाबांनी बोट ठेवून विचारलं, “‘नोंद घेतली’ म्हणजे टेबलं वळवणार?”

“नाही, बाबा. म्हणजे ठेवून दिलं.”

बाबांनी उत्तराची घडी करून बाजूला ठेवली. मग तिच्याकडे वळले.

“मग दुसरं लिही.”