बाबांची डावी बाजू

बाबा तांडेल होते. मिरकरवाड्याहून सुटणाऱ्या आमच्या होडीचं सुकाणू माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याच हातात होतं. गेल्या मोसमात पावसाळी मासेमारीबंदी संपली, होड्या निघाल्या, आणि बाबा म्हणाले, "मी येत नाय."

"का?" मी विचारलं.

"डाव्या अंगाला कोणतरी उभा असतो गो. बोलत नाय. नुसता उभा."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण दुपारी जेवताना त्यांनी ताटातला उजवीकडचा भात संपवला आणि आईला विचारलं, "आज मासे नाय केलेस?" तळलेला बांगडा ताटातच होता, डावीकडे. आईने ताट फिरवलं. बाबा खाऊ लागले.

मग दाढी अर्धीच होऊ लागली. सकाळी उठल्याबरोबर डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. ते पित्त म्हणून सोडून दिलं. काका म्हणाले, बाहेरचं आहे. देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ उतरवला.

एकदा भरदुपारी बाबांनी खाटेवरून हाक मारली. स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. "हा हात कुणाचा? काढ इथून. गार लागतो." आवाजात भीती नव्हती, किळस होती. मी तो हात माझ्या हातात घेतला. गरम होता.

त्याच दिवशी मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांसमोर स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं एकदम हलवली. बाबांना एकाच हाताची दिसली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. शरीराची डावी बाजू मेंदूचा तोच भाग सांभाळतो, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे तो उभा असतो, तो खोटा?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला जाणवतं ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तिथे कोणी नाही."

कोल्हापुरात ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची नव्हती. बाबा आता पूर्ण ताट जेवतात, पण डाव्या हाताची पकड आली नाही. होडी चुलतभाऊ चालवतो. ती बंदराबाहेर पडताना बाबा बघत नाहीत, घरात येऊन बसतात.

गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून अधूनमधून तपासणीला जावं लागतं. बाबा आत जातात, दार बंद होतं. मशीन ठोकल्यासारखं वाजू लागतं. आई माझं मनगट धरते आणि आवाज थांबेपर्यंत सोडत नाही.