कुंभारीच्या वाटेवरची नॉर्वेची खोपी

नॉर्वे देशातल्या डोंगरांत कुठल्या खोपीवर मुक्काम करावा, याचा घरबसल्या सल्ला मिळण्याचं ठिकाण साऱ्या हिंदुस्थानात एकच होतं, आणि ते म्हणजे सोलापुरातला आमच्या आतोबांचा ओटा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मिलमधल्या रंगखात्याचे मास्तर. तरुणपणी मालकांनी त्यांना रंगकाम शिकायला विलायतेला धाडलं होतं. तिथे त्यांच्याच बिऱ्हाडात राहणाऱ्या नॉर्वेच्या एका मित्राने सुट्टीत त्यांना आपल्या मुलखात नेलं, आणि तिथून आतोबा मनाने कधी पुरते परत आलेच नाहीत. विलायतेत काय पाहिलंत असं विचारलं तर ते "धूर" एवढंच सांगत. नॉर्वे म्हटलं की मात्र मांडी बदलून बसत. डोंगरांच्या पोटात कोसच्या कोस घुसलेला समुद्र, त्याला तिकडे फ्योर्ड म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना सरळ उभे कडे, आणि कड्यांवर वाटसरूंसाठी बांधलेल्या लाकडी खोप्या. छपरावर माती, मातीवर गवत आणि गवतावर शेळी.

त्यांच्या सांगण्यात खोप्या तीन होत्या. पहिली धबधब्याजवळची, तिथे रात्रभर आवाजाने झोप लागत नाही पण सकाळी ताजंतवानं वाटतं. दुसरी बर्फाच्या कडेला, दारातून पाय बाहेर टाकला की बर्फातच. आणि तिसरी अगदी वर, जिथून खाली फ्योर्डातली आगबोट काडेपेटीएवढी दिसते. गल्लीतलं कोणी पुण्याला निघालं तरी आतोबा म्हणत, "जाऊन या पुण्याला. पण पुढच्या खेपेला जरा वेळ काढून तिसऱ्या खोपीवर जा." माणूस बघून सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारच्या लठ्ठ वकिलांना त्यांनी तिसरी खोपी साफ नाकारली होती. "तुम्ही आपली पहिली घ्या. चढ कमी आहे, आणि दूध चांगलं मिळतं." वकील खरोखरच हिरमुसले, आणि महिनाभर संध्याकाळी तळ्याला फेऱ्या मारत होते. एकदा आम्हाला स्टेशनवरून आणणाऱ्या टांगेवाल्याला आतोबांनी सगळी वाट समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "टांगा जाता क्या वां तक?" शेवटचा कोस चालावं लागतं, असं आतोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "फिर नक्को साब," तो म्हणाला.

पण आतोबांचा जीव अडकला होता तो त्या खोप्यांच्या रिवाजात. दाराला कुलूप नाही. आत चूल, लाकडं आणि पाणी. कोणीही यावं, निजावं, आणि निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून, पाणी भरून, केर काढून जावं. पुढचा कोण, ते विचारायचं नाही. हा रिवाज आतोबांच्या अंगात असा मुरला की ते कोणाच्याही घरून रिकाम्या हाताने निघू शकत नसत. सांगोल्याला एका लग्नात वरपक्षाचे मानकरी म्हणून गेले असताना निघायच्या वेळी ते दिसेनात. शोधाशोध झाली तेव्हा रेशमी सोवळं खोचून मागच्या आडावरून वधूपक्षाचं पिंप भरताना सापडले. विहीणबाई रडायलाच लागल्या. मानाच्या पाहुण्याला पाणी भरायला लावलं असं उद्या गावभर होईल, म्हणाल्या. आत्याने त्यांची समजूत घातली, आणि परतीच्या वाटेवर आतोबांशी ती अवाक्षर बोलली नाही.

शेवटी आतोबांनी कुंभारी गावाच्या वाटेवर, आपल्या शेताच्या कडेला, स्वतःची खोपी बांधली. डोंगर नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात उंच माळ निवडला. लाकूड परवडेना, म्हणून भिंती दगडाच्या आणि वर धाब्याची माती. तिच्यावर त्यांनी गवत पेरलं, ते उन्हाळ्यात करपलं, पण शेळी मात्र कुठून तरी आपणहून येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. तिकडे थंडी म्हणून लाकडं, इकडे तहान म्हणून पाणी, असा विचार करून आत चुलीशेजारी मोठा रांजण ठेवला. नॉर्वेत वाट चुकू नये म्हणून दगड रचून त्यांवर तांबडी खूण करतात. आतोबांनीही वाटेवर जागोजागी दगड रचले आणि मिलमधल्या पक्क्या तांबड्या रंगाने रंगवले. पुढच्या रविवारी बघतात तर प्रत्येक दगडासमोर नारळ. पहिल्या दगडापाशी एक म्हातारा शेतकरी हात जोडून उभा होता. आतोबा त्याला समजवायला गेले, तर तोच त्यांना म्हणाला, "सायेब, चपला काढा की. लई जागृत देव हाय." आतोबांनी चपला काढल्या. त्या दगडांना पुढे कोणी हात लावला नाही, आणि खोपीची वाट कधी चुकली नाही.

हे सगळं असूनही, आतोबा नॉर्वेला गेले होते यावर गल्लीत कोणाचा विश्वास नव्हता. सगळ्यांत कमी त्याच गल्लीत राहणाऱ्या माझ्या वडिलांचा. वडील कोर्टात नोकरीला, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आमटीलाही चांगली म्हणत नसत. "दाजी माणूस सोन्याचा आहे, पण वर्णन जरा पदरचं आहे," असं ते घरात म्हणत. ते आतोबांच्या कानावर जाई. ते मनातून दुखावत. रंगाच्या बाबतीत ज्याचा शब्द अख्खी मिल प्रमाण मानत होती, त्याच्या या एका शब्दाला घरात किंमत नव्हती. एकदा आत्यानेच हळूच विचारलं, "खरंच गेला होता ना हो?" त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत.

अशात मिलमध्ये नवं यंत्र बसवायला एक तरुण इंजिनिअर आला, आणि तो निघाला नॉर्वेचा. वडिलांनी ठरवून टाकलं. "रविवारी त्याला खोपीवर जेवायला बोलावतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." आतोबा म्हणाले, "येऊ दे की." आत्याने मात्र देवाला साकडं घातलं.

रविवारी निम्मी गल्ली खोपीवर. पाहुणा उन्हाने लालबुंद झालेला, भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आणखी लाल झाला. त्याचं इंग्रजी मोडकं, आतोबांचं गंजलेलं. आतोबांनी पहिल्या खोपीचं नाव घेतलं, त्याने नकाराची मान हलवली. दुसरीचं घेतलं, तरी तेच. तिसरीलाही तो ओशाळून नाहीच म्हणाला. तो सपाट भागातल्या गावचा, त्या बाजूला कधी गेलाच नव्हता. वडील जिंकले होते, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही. "दाजी, असू द्या हो," ते हलकेच म्हणाले. आतोबांनी नुसती मान डोलावली. आत्या विझलेल्या चुलीत बघत बसली.

ऊन उतरलं, टांगे जुंपले, माणसं चपला घालू लागली. पाहुणा उठला, पण टांग्याकडे गेला नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने कोपऱ्यातली बादली उचलली, विहिरीवर गेला आणि पाणी आणून रांजणात ओतलं. मग केरसुणी शोधून केर काढला, बाहेरची लाकडं आत आणून चुलीजवळ एकावर एक रचायला बसला. आतोबाही नेहमीसारखे लाकडं रचायलाच वाकले होते. दोघांचे हात एकाच ओंडक्यावर पडले. त्या पोराने वर बघितलं आणि आपल्या आजोबांच्या रानातल्या खोपीवर असंच करतात, असं काहीसं म्हणाला. मग चकित होऊन त्याने सगळ्यांनाच विचारलं, की तुम्हाला हे कोणी शिकवलं?

आतोबांनी तो ओंडका नीट रचून ठेवला. पुढे झाले ते माझे वडील. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, रिकामी बादली हातात घेतली आणि कोर्टात बोलावं तशा खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "हे माझे मेहुणे. हे तुमच्या देशात जाऊन आलेत." आणि पाणी आणायला विहिरीकडे गेले. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

आता आतोबा नाहीत. शेत विकलं गेलं, पण खोपी आहे, आणि दाराला अजून कुलूप नाही. त्या वाटेने गेलो की मी आत डोकावतो, रांजणातलं पाणी पितो आणि बादलीभर ओतून येतो. आजवर तो रिकामा सापडला नाही. परवा शेजारी पुण्याला निघाले होते. त्यांना निरोप देता देता माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या खेपेला जरा वेळ काढून तिसऱ्या खोपीवर जा." ते बघतच राहिले, आणि मला आतोबांची फार आठवण आली.