बाण वळला तिथं

शिरूरच्या मार्केट यार्डात धान्याचं माप घेणारे एक मापाडी घड्याळ न लावता पळतात. घोडनदीच्या काठानं विजेचे खांब मोजत जातात आणि दर वाक्याला "व्हय का न्हाई?" विचारतात. पहाटे पळायची सवय मला त्यांनीच लावली. वाट त्यांच्या बौद्ध वस्तीतून, विहारासमोरून जाते, आणि नदी सगळ्यात देखणी तिथूनच दिसते.

यंदा मॅरेथॉन ठरली. कमिटीनं "निसर्गरम्य मार्ग" म्हणून हाच काठ घेतला, पण वस्ती आली की रस्ता दाखवणारा बाण वळवून मार्ग थेट नगर रोडच्या धुरात नेला. कारण काय, तर वस्तीत फोटो चांगले येत नाहीत! हे बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मापाडी बाणापाशी वळलेच नाहीत. नेहमीसारखे सरळ वस्तीत शिरले. तिथं बायका पाण्याचे तांबे घेऊन दारात उभ्या होत्या.

शेवटी कमिटीनं त्यांना बाद केलं. ते शांतपणे म्हणाले, "माप तुमचंच खोटं हाय. व्हय का न्हाई?"

विचारलं मात्र माझ्याकडं बघून. मी बाणाप्रमाणं वळलो होतो. पदक माझ्या गळ्यात होतं.