मागं उभी असलेली पोरं

मंगळवार पेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही संध्याकाळी टीव्हीवर फौजेची मालिका बघायचो. दोन मेजर, दोघांनाही बढती हवी, म्हणून शिखर आधी कोण घेतो यावरून चढाओढ. गिऱ्हाइकांतही दोन पार्ट्या पडलेल्या. मी मिशीवाल्याच्या पार्टीत होतो, घसा बसेपर्यंत ओरडायचो.

हॉटेलला दूध घालणारा म्हातारा मात्र रिकामी किटली धरून दारातच उभा राहायचा. त्याचा मुलगा सरहद्दीवर होता आणि महिनाभर पत्र नव्हतं. तो मेजरांकडे बघतच नसे. त्याचा अंगठा सारखा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा.

एका संध्याकाळी मिशीवाल्यानं शिखरावर झेंडा रोवला. आम्ही बाकं बडवली. म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पावणं, वर जाताना मागं सात पोरं हुती. आता पाचच हाईत."

"मामा, नट हाईत ते," मी हसलो.

"म्हाईत हाय की. पर त्या दोघांचं कुणी इचारलं बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी मिशीवाल्याला बढती मिळाली. हॉटेल दणाणलं. मी दाराकडे बघत होतो. दूध वेळेवर आलं होतं, पण आणणारा माणूस दुसराच होता. म्हातारा का आला नाही, हे त्याला विचारायचं मला धाडस झालं नाही.