टण वाजलेली गोळी
परवा बाजारात गरम काकवीचा वास आला आणि शिरोळकडचे ते गुऱ्हाळ डोळ्यांपुढे पेटले. मी नुकताच शेतकी कॉलेजातून बाहेर पडलेला, हातात थर्मामीटर. पाक कधी उतरवायचा हे गूळ शिजवणारा गुळव्या ठरवतो, पण पहिली काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, मी पुस्तकातल्या आकड्यावर उतरवायला लावली आणि गूळ घट्ट झालाच नाही. मालक गुळव्यावर भडकले, "ही दुसरी बी बिघडली तर उद्यापास्नं येऊ नगंस!" मी थर्मामीटर पुसत उभा राहिलो. दुसऱ्या काहिलीत पारा त्याच आकड्यावर आला तरी गुळव्या हलेना. "उतरवा!" मी ओरडलो. तो हसला, "पुराचा ऊस हाय ह्यो, सायेब. तुमच्या पुस्तकानं पूर बघितलाय व्हय?" पाक उसळत होता, पारा चढत होता. त्याने थोडा पाक पाण्यात सोडला, गोळी वळली आणि पितळी भांड्यावर मारली. टण! "उतरा रं!" मी घाईने पारा वाचला, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चार अंश वर. ढेप दगडासारखी बसली. मालकांनी पाठ थोपटली ती माझी, "शिकल्याला माणूस!" मी वाचलेला तो आकडा पुराच्या उसाचा म्हणून पुढे माझ्या नावावर छापलाही गेला. आज सांगून टाकतो, पहिली काहिल मी बिघडवली होती. आणि तो आकडा गुळव्याच्या कानाने शोधला, मी फक्त वाचला.