लुगड्याचा मफलर

वसईला थंडी पडते म्हटलं की नाशिककडचा माणूस हसतो. त्याने खुशाल हसावं. फक्त एकदा डिसेंबरात पहाटे राजोडीहून मोटारसायकल काढावी, विरार ओलांडून शिरसाड फाट्याला वळावं आणि पारोळच्या पुढे, जिथे रस्ता तानसा नदीच्या अंगाने धुक्यात शिरतो, तिथे ब्रेक दाबून बघावा. बोटं आपलीच आहेत की शेजाऱ्याची, असा प्रश्न पडतो.

सॅन्टनला हा प्रश्न दर हिवाळ्यात पडायचा. वालीवच्या एका गाळ्यात तो फिटर होता आणि गावच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. पगार गाळ्यात मिळायचा, पण माणूस होता तो बँडचा. नाताळ झाला की वसईतल्या ख्रिस्ती लग्नांची झुंबड उडते, आणि त्याच्या आधी वाडा, कुडूस, अंबाडीकडची हिंदू लग्नं असतात. बाकीचे लोक ड्रमसकट टेम्पोतून जायचे. सॅन्टन जायचा मोटारसायकलवर, कारण एकदा टेम्पोत त्याच्या ट्रम्पेटवर मोठा ड्रम बसला होता आणि तिला पडलेला पोचा त्याला स्वतःच्या गालावर पडल्यासारखा लागला होता. तेव्हापासून ट्रम्पेट त्याच्या पाठीवर, पिशवीत.

थंडीची तयारी तो अगदी शास्त्रशुद्ध करायचा. बनियनवर शर्ट, शर्टावर उभा घडी घातलेला पेपर, पेपरवर स्वेटर, त्यावर रेनकोटचं जुनं जाकीट. पेपराशिवाय छाती राहत नाही, हे तो नवख्या पोरांना ठासून सांगायचा. हातमोज्यांच्या आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या. ट्रम्पेटचं पितळी तोंड, ज्याला हे लोक माउथपीस म्हणतात, ते मात्र पिशवीत नाही, थेट काखेत. गार माउथपीस ओठाला लावलं तर सूर उतरतो आणि पहिल्याच गाण्याला वरमाई वळून बघते.

एवढं सगळं झाकायचं आणि तोंड उघडं ठेवायचं. ही गोम होती. त्याचे गुरू युजीन मास्तर सांगून गेले होते की वाजवणाऱ्याचे ओठ कधी झाकायचे नाहीत. झाकले की घाम येतो, नरम पडतात. वारा लागला की घट्ट होतात. मास्तर स्वतः सायकलवरून फिरायचे, आणि तेही वसईच्या वाड्यांतून, केळीच्या आडोशाने. पण शिष्याने हा नियम मोटारसायकलला लावला. बिनकाचेचं हेल्मेट घालून, तोंड वाऱ्याला देऊन तो वाडा-कुडूसपर्यंत जायचा. बायको ज्युली म्हणायची, "अख्खा माणूस गुंडाळलास, तोंड कुणासाठी ठेवलंस?" तो म्हणायचा, "धंद्याचं आहे, तुला नाही कळणार." धंद्यातल्या माणसाला समजावणं कठीणच असतं.

असाच एका डिसेंबरात तो वाड्याचं लग्न वाजवून आला. तिथे वाजवताना ओठांच्या डावीकडून हवा निसटतेय असं त्याला जाणवलं होतं, पण थंडीचं असेल म्हणून त्याने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर आला. त्याने पुसला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा आला. ज्युली समोर बसून पाव बुडवत होती. तिने वर पाहिलं आणि पाव चहात तसाच राहिला. सॅन्टनचं अर्धं तोंड रोजचं होतं आणि अर्धं खाली ओघळलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता.

डॉक्टरने तपासलं, हातपाय हलवून घेतले, आणि हा पक्षाघाताचा झटका नाही, चेहऱ्याची एक नस सुजली आहे, असं सांगितलं. गोळ्या दिल्या. वाऱ्यानेच झालं असं नक्की म्हणता येत नाही, असंही तो म्हणाला. गावाला मात्र नक्की म्हणता येत होतं. शेजारची मर्सी म्हणाली, गार वारं भरलं. कुणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. सॅन्टनने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि डॉक्टरला एकच विचारलं, "वाजवता येईल का?" डॉक्टर म्हणाला, बहुतेकांचं तोंड काही महिन्यांत सुधारतं, काहींचं थोडं राहून जातं. ते 'थोडं' सॅन्टन घरापर्यंत घोकत आला. चारचौघांना थोडं चालतं. ट्रम्पेटवाल्याला ओठाचं थोडंही चालत नाही.

आणि त्यात एक घरचं होतं. सॅन्टनची आई हिल्डाबाई ऐंशीच्या पुढची, नऊवारी लाल लुगड्यातली, गावात उरलेल्या त्या दोन-तीन लुगडेवाल्यांपैकी एक. तिने मुलाकडून आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही वारंवार. तिच्या मयताला मारियामातेचं तिचं आवडतं जुनं गीत सॅन्टननेच वाजवायचं, दुसऱ्या कुणी नाही. वडिलांच्या मयताला सॅन्टन मुंबईत अडकला होता आणि बाहेरगावच्या बँडने वाजवलं होतं. ते बेसूर होतं, असं हिल्डाबाईचं मत होतं, आणि नवरा त्या सुरात मातीत गेला याचा सल तिच्या मनातून कधी गेला नाही. तिची स्वतःची तयारी पूर्ण होती. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं एक कोरं लाल लुगडं, जपमाळ आणि नवऱ्याचा फोटो. वर्षातून एकदा ती ते लुगडं उन्हात घालायची आणि वास घेऊन पुन्हा ठेवायची.

त्या हिवाळ्यात सॅन्टन आरशासमोर उभा राहून गाल फुगवायचा, शीळ घालायचा, मेणबत्ती फुंकायचा. ज्योत नुसती वाकायची आणि जळत राहायची. बँडमध्ये त्याच्या जागी केनी उभा राहू लागला. केनी चांगला मुलगा, दुय्यम ट्रम्पेटवर बरीच वर्षं काढलेला. तो आदबीने विचारायला आला, "अंकल, मी फक्त तुम्ही येईपर्यंत हां." सॅन्टनने मान हलवली आणि केनी गेल्यावर परसात जाऊन बराच वेळ विहिरीकडे बघत बसला. त्याला भीती वाटत होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही, पण ज्युलीला कळली, आणि तिने त्या दिवशी बोंबलाचं कालवण केलं.

फेब्रुवारीत हिल्डाबाईला ताप भरला. छातीत कफ, अन्न तुटलं. फादर येऊन आजाऱ्याला शेवटचं लावतात ते तेल लावून, प्रार्थना करून गेले. म्हातारी डोळे मिटून पडलेली. सॅन्टनच्या तोंडचं पाणी पळालं. तो मागच्या पडवीत गेला, दार लावलं आणि ट्रम्पेट ओठाला लावली. आली ती हवा. हवेच्या मागून एक सूर निघाला, तोही म्हैस रेकावी तसा. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

आतून आईची हाक आली. तो तोंड पुसत गेला.

"तू वाजवलास?" हिल्डाबाईने विचारलं.

"हो, आय."

"असाच वाजवनार हायस माज्या मयताला?"

सॅन्टनने ओठाचा डावा कोपरा पुन्हा पुसला.

"मग मी नाय जात," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली. "ज्युली, पेज आन."

ती खरोखरच गेली नाही. आठवड्याभरात उठून बसली आणि मर्सीशी भांडलीसुद्धा.

उन्हाळ्यात सॅन्टनचा डोळा मिटू लागला. पावसाळ्यात चहा सांडायचा थांबला. गणपतीपर्यंत त्याला खालचे सूर नीट लागायला लागले. वरचा एक सूर, नेमका आईच्या गीतातल्या तिसऱ्या ओळीतला, कधी लागायचा, कधी फाटायचा. डाव्या कोपऱ्यात ते डॉक्टरचं 'थोडं' राहिलंच होतं. तरी तो बँडमध्ये परतला, आणि केनी एक पाऊल मागे सरकला.

मग पुन्हा नोव्हेंबर आला. पहिल्या गार पहाटे सॅन्टनने पेपर छातीशी घातला, पिशव्या हाताला चढवल्या, माउथपीस काखेत धरलं. तोंडाला ज्युलीने बाजारातून आणलेला लोकरी मफलर बांधला. तो फाट्यापर्यंतही टिकला नाही. लोकर वाऱ्याने सैल होऊन गळ्यात आली. दुसरा आणला, तो नाकात टोचायचा. हिल्डाबाई ओटीवर बसून हा तमाशा दोन-तीन आठवडे बघत होती.

एक दिवस ज्युली आत आली तर ट्रंक उघडी, लाल लुगडं सासूच्या मांडीवर आणि हातात कात्री.

"आई, काय करता हे?" ज्युली जवळजवळ धावलीच. "ते तुमचं आहे ना."

"माजाच हाय. म्हनून तं कापते." हिल्डाबाईने कात्री चालवली. "जाडा सूत हाय याचा. वारा आत शिरनार नाय. बाजारचा मफलर म्हंजे निसता केस."

"पण मग तुम्हाला कमी पडेल."

"मना कुटं वाऱ्यात जायाचा हाय? आत खोचून देवा. कोन बगते."

तिने कापलेल्या पट्टीला हाताने शिवण घातली, टाके वाकडेतिकडे. सॅन्टन संध्याकाळी कामावरून आल्यावर ती त्याच्या तोंडाभोवती बांधून दाखवली. नाकावरून, कानांखालून, मागे गाठ. त्याला पहिल्यांदा लाज वाटली. बावन्न वर्षांचा बाप्या बाईच्या लाल लुगड्यात तोंड घालून हायवेवरून जाणार. "आय, लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू दे. त्यांची तोंडा सरळ हायत, त्यांना हसाय येते." आणि मग तिने बोट वर करून बजावलं, "थंडी सरेपरत काडायचा नाय."

बँडवाले हसले, दोन दिवस. मग केनीने हळूच विचारलं की असं कापड कुठे मिळेल. सॅन्टन म्हणाला, नाही मिळत. युजीन मास्तरांचा नियम मोडल्याबद्दल त्याने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. वाड्याला पोचेपर्यंत त्याचे ओठ गरम राहत, आणि घाम येऊन नरम वगैरे काही पडत नव्हते.

जानेवारीत, ऐन लग्नसराईत, हिल्डाबाई दुपारी जेवून पडली ती उठली नाही. आजार नाही, हाक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ठरली.

गार सकाळ होती. आत बायका तिला सजवत होत्या. मर्सीने दार किलकिलं करून ज्युलीला हाक मारली. "अगं, लुगडं कमी भरतंय एका बाजूने."

"माहीत आहे," ज्युली म्हणाली. "आत खोचून द्या."

बाहेर बँड उभा राहिला. केनीने वाद्य हातात तयार ठेवलं होतं. सूर फाटला तर पुढे तू घे, असं सॅन्टननेच त्याला सांगितलं होतं. पेटी अंगणात आली, झाकण लावायच्या आधी घरच्यांनी शेवटचं बघून घेतलं. सॅन्टनने तोंडावरचा लाल पट्टा सोडला. ट्रम्पेट ओठाला लावली आणि आईचं गीत सुरू केलं. तिसऱ्या ओळीपाशी केनीने नकळत आपली ट्रम्पेट उचलली. सूर आला. वर गेला, तिथे थांबला, आणि फाटला नाही. केनीने हात खाली घेतला. सॅन्टनने उरलेल्या ओळी डोळे मिटून वाजवल्या, दोन्ही डोळे.

मग तो पेटीजवळ गेला. हातातल्या पट्ट्याची त्याने नीट घडी केली आणि आईच्या कमरेपाशी, जिथे लुगडं कमी पडत होतं तिथे, ठेवायला वाकला. आता त्याला तेच बरोबर वाटत होतं. जिचं तिला.

ज्युलीने त्याचा हात धरला. घडी त्याच्या हातातून काढून घेतली, झटकली आणि सगळ्या गावासमोर त्याच्या गळ्याभोवती बांधली.

"त्या काय म्हणाल्या होत्या?" ती म्हणाली. "अजून थंडी आहे."

सॅन्टनने एकदा आईकडे पाहिलं. मग पट्टा गळ्यावर सारखा केला, ट्रम्पेट उचलली आणि बँडच्या पुढे जाऊन उभा राहिला. झाकण लागलं.

त्या रविवारी वाड्याला लग्न होतं. केनी म्हणाला, मी बघतो अंकल, तुम्ही राहू द्या. सॅन्टन म्हणाला, नको. पहाटे त्याने पेपर छातीशी घातला, माउथपीस काखेत धरलं आणि लाल पट्टा नाकावरून कानांखाली ओढून मागे गाठ मारली. पारोळच्या पुढे धुकं दाट होतं. पट्ट्याला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि तोंड गरम होतं.